ते हरले

कोरीन : ...आई म्हणाली होती, तुझे बाबा ज्या दिवशी ‘आपण हरलो’ म्हणायचं सोडून ‘ते हरले’ म्हणतील, त्या दिवशी हातातलं टाकून घरी ये. मी हसले होते. म्हटलं, आई, मग तर पेढे वाटू. या फुटबॉल टीमच्या तावडीतून एक माणूस तरी सुटला.

ट्रीना : बाई, एक मिनिट. हे मला नका सांगू. मी नुसते फोन घेते. कार्यक्रमात बोलतो तो मॉर्ट, आणि त्याच्यासाठी सगळ्या लाइनी ताटकळल्यात. तुम्हाला कोचवर बोलायचंय, चेंडू फेकणाऱ्या त्या क्वार्टरबॅकवर, की आज खांबाला आपटलेल्या त्या किकवर? मला त्याच्यासमोर एक शब्द लिहून ठेवावा लागतो.

कोरीन : एमिल.

ट्रीना : एमिल कोण? नवीन किकर?

कोरीन : पार्माचा एमिल. सामना संपला की तुमच्याकडे पहिला फोन येतो तो. मी त्यांची मुलगी, कोरीन. अ‍ॅरिझोनातून बोलतेय.

ट्रीना : अच्छा, ते एमिल. आज आलाच नाही त्यांचा फोन. मी लाइन धरून ठेवली होती बराच वेळ. मग म्हटलं, कंटाळले असतील. कोण नाही कंटाळलं? माझ्या नवऱ्याने टीव्हीवर चादर टाकलीय, मेलेल्या माणसावर टाकतात तशी.

कोरीन : माझाही फोन उचलत नाहीयेत. कालपासून.

ट्रीना : घरी एकटेच असतात?

कोरीन : आई गेल्यापासून एकटेच.

ट्रीना : मग पोलिसांना सांगा ना. कोणीतरी जाऊन बघून येईल.

कोरीन : सांगितलं. आले बिचारे, या एवढ्या बर्फातून. पुढच्या दाराशी बेल वाजवली, वाट बघितली, कोणी उघडलं नाही. घर शांत आहे, गॅरेज बंद आहे, म्हणाले. हायवेवर गाड्या एकमेकींवर चढल्यात, ते आवरून परत येतो, म्हणाले. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, आमच्याकडे पुढच्या दाराने कोणी येतच नाही. ते फक्त पाद्री आणि परके यांच्यासाठी. बाबा त्या बेलला उठायचे पण नाहीत. बाजूच्या दारावर थापा मारायला हव्यात, हे सांगायचं राहूनच गेलं. आता पोलिसांचा फोन लागत नाहीये.

ट्रीना : शेजारीपाजारी?

कोरीन : शेजारच्या कुचारबाई हिवाळ्याच्या फ्लोरिडाला जातात. बाकीच्यांची घरं डोळे मिटून दाखवीन मी, पण नंबर एकाचाही नाही. आणि विमानं बंद आहेत तिकडची. मी दुपारपासून तेच बघतेय.

ट्रीना : हो, इथे खिडकीतून पार्किंगसुद्धा दिसत नाहीये. पण बाई, हा खेळाचा कार्यक्रम आहे. मॉर्टला मी असं कसं...

कोरीन : मी पार्मातल्या त्या गल्लीत वाढले. रविवारी संध्याकाळी तिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं तरी मॉर्टचं एक वाक्य चुकत नाही. प्रत्येक स्वयंपाकघरात तोच लागलेला असतो. मला त्याच्याशी बोलायचंच नाहीये. मला त्या स्वयंपाकघरांशी बोलायचंय.

ट्रीना : ...थांबा. जाहिरात संपली की जोडते. तुमच्याकडचा रेडिओ बंद करा, आवाज घुमतो. मागे बाळ रडतंय का?

कोरीन : दात येताहेत त्याला. दुसऱ्या खोलीत नेते.

ट्रीना : असू दे, रडू दे. आज ऐकणाऱ्यांना काही वेगळं वाटायचं नाही.

(फोन स्टुडिओत जोडला जातो.)

मॉर्ट : ...तर बर्फाचे टायर घ्यायचे असतील तर आपल्या माणसाकडून घ्या. चला मंडळी, आपण परत आलो. टीम अजून परत आलेली नाही. टीम सप्टेंबरात कुठेतरी हरवली, कोणाला दिसली तर कळवा. शेवटच्या क्षणाला साधी किक, माझी आजी मारेल अशी, आणि चेंडू जाऊन खांबाला. ठण्ण. खरं सांगू? मला रागच आला नाही. मी हातातलं सँडविच खाणं थांबवलं नाही. पूर्वी रिमोट फेकायचो मी. असो. ट्रीनाने समोर लिहून ठेवलंय, ‘एमिलची मुलगी’. एमिलला मुलगी आहे? मला वाटायचं तो स्टेडियमच्या पार्किंगमध्येच, सामन्याआधी आपण पेटवतो त्या शेगडीशेजारी उगवला. बोल पोरी. म्हातारा कुठाय? तोंड लपवायला डोक्यात कागदी पिशवी घालून बसलाय?

कोरीन : तेच विचारायला फोन केला, मॉर्ट. बाबा कुठे आहेत ते मला माहीत नाही.

मॉर्ट : हरल्यावर कोणी फोन उचलत नाही गं. माझी बायको माझा उचलत नाही, आणि आम्ही एका घरात राहतो.

कोरीन : मागच्या रविवारी ते तुमच्याशी बोलले. काय म्हणाले, आठवतं?

मॉर्ट : जे दर रविवारी म्हणतो ते. आपण चेंडू फेकायला नको होता, आपण डावीकडून पळायला हवं होतं, आपली बचावाची फळी झोपली होती. जसा काही स्वतः मैदानातून नुकताच बाहेर आलाय. सत्तरी उलटली, दोन्ही गुडघे बदलून घेतलेत, तरी आपण पळायला हवं होतं.

कोरीन : दर रविवारचं नाही. मागच्या रविवारचं.

मॉर्ट : मागच्या... थांब. मागच्या रविवारी थोडक्यात आटपलं त्याने. ‘ते हरले, मॉर्ट,’ म्हणाला. मग सगळ्यांचे आभार मानले. माझे, ट्रीनाचे, ऐकणाऱ्यांचे. मला वाटलं, उपरोधाने बोलतोय. मी आपला तो हरल्यावरचा रडका भोंगा वाजवला आणि जाहिरात घेतली.

कोरीन : आणि एरवी फोन ठेवताना काय म्हणतात?

मॉर्ट : ‘पुढच्या रविवारी.’ हे तर इथली पोरंसोरं पण सांगतील. हरलो तरी पुढच्या रविवारी, धुवून काढलं आपल्याला तरी पुढच्या रविवारी.

कोरीन : मागच्या वेळी म्हणाले?

मॉर्ट : म्हणाला असेल. भोंग्यात ऐकू आलं नसेल.

कोरीन : नाही म्हणाले. तुमच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिळतं ना, ते मी ऐकलंय. बाळाला थोपटताना दुसरं काय करणार? ‘सगळ्यांचे आभार’ आणि मग श्वास सोडल्यासारखं काहीतरी, आणि मग तुमचा भोंगा.

मॉर्ट : पोरी, हे बघ. ‘ते’ काय एकटा तुझा बाप म्हणतो? अर्धं गाव ‘ते’ म्हणायला लागलंय. मी म्हणतो. मी तर म्हणेन, तब्येतीला चांगलं असतं ते. एवढं लावून घेऊ नये माणसाने.

कोरीन : तुम्ही म्हणत असाल. माझे बाबा नाही म्हणत. आई आजारी होती तेव्हा डॉक्टर विचारायचे, आज कसं वाटतंय? आईच्या आधी बाबा सांगायचे, ‘आज आपल्याला जरा मळमळतंय.’ तिचे केस गेले तर ‘आपले केस गेले’. नर्स तोंड फिरवून हसायच्या. आधी कारखान्याचंही तसंच होतं. ‘आपण यंदा इतकं पोलाद ओतलं.’ मी शाळेत होते तेव्हा एक दिवस जेवताना म्हणाले, ‘ते भट्टी विझवणार आहेत म्हणे.’ आईने भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, भट्टीमुळे.

मॉर्ट : मग?

कोरीन : त्या हिवाळ्यात एकदा आई त्यांना हाताला धरून गॅरेजमधून घरात घेऊन आली. तिच्या पायात चपला पण नव्हत्या, बर्फात. मला सांगितलं, गाडी दुरुस्त करत होते. मोठी झाल्यावर कळलं की त्या वेळी आमची गाडी बिघडलेली नव्हतीच. आईने मला खरं सांगितलं ते हॉस्पिटलात, शेवटी शेवटी, की त्या दिवशी बाबा गॅरेजात परत न येण्यासाठी गेले होते. आणि वर हे, ‘ते’ म्हणाले की घरी ये म्हणून. मी हसले. तिला हसवायला म्हणून हसले खरं तर. तीही हसली. मग ते तसंच राहिलं.

मॉर्ट : हं.

कोरीन : त्याच मागच्या रविवारी रात्री मी त्यांच्याशी बोलले. मुद्दाम खोदून विचारलं. नीट बोलले. जेवलात का, तर हो, सॉसेज आणि कोबी. थंडी कशी आहे, तर आहे. बाळाचं विचारलं. सगळी उत्तरं बरोबर होती. कशावर बोट ठेवू, तेच कळेना. मी स्वतःला म्हटलं, तुला बाळंतपणापासून सगळीकडे काहीतरी दिसतं. नवराही तेच म्हणाला. आणि मग गुरुवारी पार्सल आलं.

मॉर्ट : कसलं?

कोरीन : त्यांचं जाकीट. टीमचं, पाठीवर मोठा आकडा असलेलं. नातवासाठी. चिठ्ठी नव्हती.

मॉर्ट : आजोबा आहे, नातवाला देणारच. माझं मी माझ्या नातवाला दिलं तर सूनबाई जाळून टाकेल, तो भाग वेगळा.

कोरीन : धुतलेलं आहे, मॉर्ट.

ट्रीना : ...मॉर्ट. लाइव्ह आहोत आपण. मॉर्ट, काहीतरी बोल.

मॉर्ट : धुतलेलं म्हणजे?

कोरीन : साबणाने. आई वापरायची त्याच साबणाने. बाहीवर मोहरीचा डाग होता, तो पण घासून काढलाय. घडी घालून दिलंय.

ट्रीना : मला कोणी सांगेल का? जाकीट धुतलं तर काय बिघडलं?

मॉर्ट : ट्रीना अटलांटाची आहे, मंडळी, तिला माफ करा. ट्रीना, मोसम सुरू झाला की तो संपेपर्यंत अंगावरचं जाकीट धुवायचं नाही. धुतलं की नशीब वाहून जातं. माझं गॅरेजात टांगलंय, बायको घरात घेत नाही. पार्किंगमध्ये सगळे जमतो तेव्हा कुत्री येत नाहीत जवळ. लोकांची लग्नं मोडायची वेळ आली असेल, पण धुत नाही कोणी. नातवाला दे, कोणालाही दे, पण मोसम संपल्यावर. अजून सामने आहेत. तो अजून... अजून सामने आहेत ना.

ट्रीना : बरं.

मॉर्ट : आणि मी भोंगा वाजवला.

कोरीन : तुम्हाला तरी तेव्हा काय माहीत होतं? मला त्याचं काही नाही.

मॉर्ट : किती वर्षं तो मला फोन करतोय. मी त्याला म्हाताऱ्या म्हणतो, तो मला टकल्या म्हणतो. आडनाव काय गं तुमचं?

कोरीन : वाव्रेक.

मॉर्ट : वाव्रेक. एमिल वाव्रेक. मला माहीत नव्हतं.

ट्रीना : मॉर्ट, दोन नंबरवर लॉरेन गावचा बड आहे. कधीचा थांबलाय कोचला शिव्या द्यायला, पण आता म्हणतोय कोच गेला खड्ड्यात, मला आधी घ्या.

मॉर्ट : घे त्याला. कोरीन, तू ठेवू नकोस. बड, बोल. शब्द जपून, लहान मूल आहे लाइनवर.

बड : ए मुली, मी बड. तुझ्या बापाने माझं डोकं खाल्लंय, सांगून ठेवतो. तो म्हणणार क्वार्टरबॅकला वेळ द्या, मी म्हणणार हाकला. पाच क्वार्टरबॅक बदलले, आमचं भांडण तेच. कधी तोंड बघितलं नाही मी त्याचं.

कोरीन : बाबा तुमच्याबद्दल सांगायचे. ‘तो लॉरेनचा गाढव आज काय म्हणाला ऐकलंस का?’

बड : हां, म्हणजे माझ्यावर जीव आहे त्याचा. आता ऐक. मागच्या रविवारी मी ऐकत होतो. ‘ते हरले’ म्हणाला ना, मी बायकोला म्हटलं, एमिल शहाणा झाला एकदाचा. बायको म्हणाली, शहाणा नाही, आजारी असेल, फोन करून बघ. मी म्हटलं, कोणाला करू? माझ्याकडे कुठे नंबर आहे? आणि असता तरी मी केला नसता. भांडायला काही नव्हतं. ‘ते’ म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

मॉर्ट : बड, मुद्द्यावर ये.

बड : मुद्दा हाच की मी ट्रकमध्ये बसलोय. पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेलंच आहे, सकाळपासून लोकांचे रस्ते काढतोय. पत्ता द्या, मी निघतो.

मॉर्ट : पत्ता रेडिओवर नको. ट्रीना, तू त्याला वेगळा दे. किती वेळ लागेल?

बड : एरवी अर्ध्या तासात पोचलो असतो. आज दिसतंय कुठे काही? तास, नाहीतर त्याहून जास्तच. मुली, दार नाही उघडलं तर?

कोरीन : पुढच्या दाराकडे जाऊच नका. बाजूच्या दाराशी जा, स्वयंपाकघराच्या. त्याच्या शेजारी भिंतीत एक लहानसं झाकण आहे, पूर्वी दूधवाला बाटल्या ठेवायचा तो कप्पा. आत हात घालून डावीकडे चाचपा, खिळ्याला किल्ली आहे. पण आधी गॅरेजात बघा. आधी गॅरेज.

बड : आधी गॅरेज. कळलं. निघालो. मॉर्ट, आणि त्या कोचला...

मॉर्ट : माहीतेय बड. जा तू. सांभाळून चालव.

ट्रीना : मॉर्ट, जाहिरातीची वेळ होऊन गेलीय. वरून विचारताहेत.

मॉर्ट : त्यांना सांग मॉर्ट बहिरा झाला. कोरीन, बाळ गप्प झालं का गं?

कोरीन : झोपलंय. जाकिटावर. मला ते त्याच्या अंगावर घालवेना आणि उचलून ठेववेना. खाली अंथरलं.

मॉर्ट : बड पोचेल. बड तोंडाळ आहे, पण पोचेल.

कोरीन : हो, पण एक तास, मॉर्ट. तासभर मी काय करू? पार्मातल्या लोकांना दोन शब्द सांगू का?

मॉर्ट : सांग. सगळी स्वयंपाकघरं तुझी.

कोरीन : मला नीट बोलता येईल की नाही माहीत नाही. चर्चच्या मागच्या गल्ल्यांमध्ये जे ऐकताहेत, त्यांच्यासाठी आहे हे. माझ्या बाबांना तुम्ही चेहऱ्याने ओळखत नसाल. आई गेल्यापासून ते फारसे कुठे जात नाहीत. पण पहाटे उठून ते फावडं घेऊन बाहेर पडतात. आधी आपल्या दारातला बर्फ काढतात, मग कुचारबाईंचा, मग पुढचा, मग गुडघे ऐकतील तिथपर्यंत. कोणाला सांगत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, ‘आपल्याला कुठे घाई आहे, आपला रस्ता आपणच काढायचा.’ तुमच्यापैकी कोणाला वाटत असेल, शेजारच्या पोराने काढला. कोणाला वाटत असेल, नवऱ्याने काढला, आणि नवरा पण गप्प बसला असेल. ते असू दे. आत्ता एवढंच करा. सामना संपलाय, त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. उठा आणि खिडकीचा पडदा सरकवा. तुमच्या पायऱ्यांवरचा बर्फ कोणी काढलाय का बघा. काढलेला असेल, तर इथे फोन करून मला तेवढं सांगा, मी तेवढ्यावर रात्र काढीन. आणि तसाच पडलेला असेल, तर कोट घाला आणि गल्लीत जिथे टीमचा झेंडा दिसेल त्या घरी जा, बाजूच्या दाराने. एकटे नका जाऊ, कोणाला तरी बरोबर घ्या. कसे आहात वगैरे विचारू नका, त्याची ते बरोबर उत्तरं देतात. नुसतं म्हणा, एमिल, आज पण आपण हरलो. आणि ते काय म्हणतात, ते ऐकायला थांबा.